फक्त धंतोलीला जाताना वाजणारा ब्रेक

आमच्या गाडीचा ब्रेक फक्त धंतोलीला जाताना वाजायचा. उमरेडला जाताना नाही, लकडगंजला वर्षाची मिरची-हळद आणायला जाताना नाही, मी शिकवते त्या शाळेत मला सोडायला जाताना तर मुळीच नाही. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. पण तेव्हा घरात आम्ही दोघं नवरा-बायको शिकलेसवरलेले, शेजारी एक निवृत्त इंजिनिअर आणि रिंग रोडला एक मेकॅनिक, एवढ्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ब्रेकला रस्ते कसे काय कळतात.

गाडी डिझेलची, आणि जुनी. नवऱ्याने घेतली तेव्हाच ती एकाची वापरून झालेली होती. सुरू केली की गल्लीतली कुत्री उठून दुसरीकडे झोपायला जातात. आमच्या ह्यांना मात्र त्या घरघरीत काय संगीत ऐकू येतं देव जाणे. "डिझेलचं इंजिन आहे, मरत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, जसं काही कुणी मारायलाच टपलंय. अशा गाडीत मागच्या सीटवर बसून ब्रेकचा बारीक आवाज ऐकू येणं म्हणजे वरातीच्या डीजेसमोर उभं राहून शेजारच्याचं पोट गुरगुरलेलं ऐकणं. पण आईंना तो ऐकू आला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. धंतोलीच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "आता लांबवू नका. डोळ्यातला दाब वाढला तर मग ऑपरेशन करूनही नजर परत येईल याची खात्री मी देणार नाही." हे त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर सांगितलं. आई म्हणाल्या, "उन्हाळ्यात कोणी डोळ्याचं ऑपरेशन करते का? पट्टीखाली घाम जाते." बरं. पावसाळा लागला. तर वर्षावासात विहारात ग्रंथाचं वाचन असतं आणि वाचायला आईच बसतात. "मी नसली तं कोण वाचीन?" त्यांना अक्षर दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. पाठ होतं म्हणून धकत होतं. पानं त्या अंदाजाने उलटायच्या. मग दसरा आला. दीक्षाभूमीला येणारे गावाकडचे पाहुणे आमच्याकडेच उतरतात, घरात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ऑपरेशनचं नाव कोण काढणार? दसरा झाला, पाहुणे गेले, थंडी पडली. आता आईंजवळ कारण उरलं नव्हतं. आणि नेमका तेव्हाच गाडीचा ब्रेक वाजायला लागला!

कुणी म्हणेल, बाई घाबरली होती, एवढं साधं कसं कळलं नाही? नाही कळलं, कारण आई घाबरतात हे आमच्या वस्तीत कुणी सांगितलं असतं तर त्यालाच लोकांनी दवाखान्यात नेलं असतं. वस्तीतल्या अर्ध्याअधिक बायकांचे डोळे आईंनीच करून आणलेत. रडणाऱ्या बायांना रिक्षात घालून नेणं, पट्टी उघडेपर्यंत त्यांच्या उशाशी बसणं, हे त्यांचं काम. "भिऊन काय होते वं? डॉक्टर शिकलेला आहे नं? अंगारे-धुपारे सोडा आन् विज्ञानावर भरोसा ठेवा," हे भाषण मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. अशी बाई स्वतःच्या डोळ्याला भिते, हा विचार कुणाच्या बापाच्या डोक्यात आला नसता.

तर ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला आम्ही निघालो. हे गाडी चालवत, मी बाजूला, आई मागे. मेडिकल चौकात सिग्नल लागला, ह्यांनी ब्रेक दाबला, आणि मागून आवाज आला, "थांब गा! काई तरी वाजून राहिलं."

"काय वाजून राहिलं?"

"कुंईं... असं. चाकातून. तुले नाही ऐकू आलं?"

ह्यांनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली, कान बाहेर काढला. बाहेर तीन रुग्णवाहिका आणि एक भोंगेवाला होता. "हो," हे म्हणाले, "आहे थोडासा."

"थोडासा? ब्रेक नाही लागला तं? मी काय मराले जाऊन राहिली का तिकडे?"

त्या प्रश्नाकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. लक्ष सगळं चाकाकडे. आम्ही गाडी वळवून हळूहळू घरी आलो आणि येताना ब्रेक एकदाही वाजला नाही. "थंड झाला असेल," ह्यांनी निदान केलं.

मेकॅनिकने गाडी जॅकवर चढवली, चाक हाताने फिरवलं, डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाला, "आवाज तर आहे, मॅडम. पॅड गेले." जुन्या गाडीचं हे एक बरं असतं. कुठलंही चाक खोला, काही ना काही गेलेलंच असतं. पॅड खरंच झिजलेले निघाले. नवे घातले. जाता जाता त्याने आपुलकीने पुढे एक लिंबू-मिरची बांधून दिली. आईंनी ती गाडी घरी येताच तोडून नालीत फेकली. "हे थोतांड माह्या दारात नाही पाहिजे. गाडी मशीन आहे, मशीनले नजर लागत नाही." केवढी विज्ञाननिष्ठ बाई!

दुसरी तारीख मिळाली. अजनीचा पूल चढेपर्यंत सगळं ठीक. उतारावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि मागून, "आला! आला आवाज!"

आता या प्रकरणात शेजारचे काका उतरले. काका निवृत्त इंजिनिअर. कालव्यांवर आयुष्य गेलं, पण पाणी असो की डिझेल, सगळं त्यांच्या हाताखालचं. "पेट्रोल गाडीत ब्रेकला ओढ इंजिनातूनच मिळते," त्यांनी आमच्या ओसरीवर बसून समजावलं. "डिझेलमध्ये तशी नसते. तिथं वेगळा पंप लागतो. तो दमला की ब्रेक दाबताना सुस्कारा सोडतो. हा पंपाचा आवाज आहे." आईंनी कुंईं सांगितलं होतं, त्याचा सुस्कारा कधी झाला हे कुणी विचारलं नाही. आई तर इतक्या मन लावून ऐकत होत्या! "हो, भाऊ, तसाच. सुस्काऱ्यासारखाच," त्यांनी दुजोरा दिला. मेकॅनिकने पंप तपासला. पंप धडधाकट होता. पण मागच्या चाकात पाहिलं तर ब्रेकच्या डबीत धूळ साचली होती. मग तीच साफ केली.

पुढे पुढे तर आमची गाडी म्हणजे वस्तीचा करमणुकीचा कार्यक्रम झाली. संध्याकाळी काका, समोरचे दोघं आणि आमचे हे गाडीत कोंबून बसायचे, रिंग रोडला एक चक्कर मारायचे, दर दहा पावलांवर करकचून ब्रेक दाबायचे आणि आवाज ऐकून यायचे. एकाला ठक ठक ऐकू यायचं, एकाला खर्र. एकाने बेअरिंग सांगितलं, एकाने टायरमध्ये खडा. मला ऐकूच येत नाही, असं म्हणणारा एक मायेचा पूत निघाला नाही. नागपूरच्या माणसाला रस्ता विचारा, माहीत नसला तरी हात दाखवून सांगेल, पण माहीत नाही म्हणणार नाही. इथे तर प्रश्न गाडीचा होता! त्यात वस्तीतल्या सगळ्यांत मोठ्या बाईने ऐकला म्हटल्यावर तो नाही म्हणणं म्हणजे तिला खोटं पाडणं. ते कोण करील?

आता राहिले मी. मी शाळेत विज्ञान शिकवते. ध्वनी हा धडा मला पाठ आहे. एका रविवारी हे मला घेऊन गेले, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबला आणि विचारलं, "आला?" मी मान वाकडी करून म्हटलं, "हो, डावीकडून." बाप्पा! डावीकडून!

मधल्या काळात भाचीच्या लग्नाला उमरेडला जाऊन आलो. अख्ख्या वाटेत आईंनी ओव्या म्हटल्या, नातेवाइकांची उणीदुणी काढली, कोळशाच्या ट्रकांना नावं ठेवली. ब्रेक चूप. मी येताना म्हटलंसुद्धा, "आई, आज नाही वाजला?" तर काका, जे आमच्यासोबत लग्नाला आले होते, तेच उत्तरले, "मोकळ्या रोडवर ब्रेक लागतोच किती?" पुढच्या आठवड्यात लकडगंजला गेलो. तिथं तर हातगाड्या, हमाल आणि गाईंमधून पावलोपावली ब्रेक. एकदाही वाजला नाही. काकांजवळ त्याचंही उत्तर तयार. "त्या बाजूचे रस्ते सिमेंटचे. सिमेंटवर टायरचाच आवाज मोठा, ब्रेकचा दबतो." धंतोलीकडेही सिमेंटचेच रस्ते आहेत हे काकांनी विचारात घेतलं नव्हतं, आणि मीही नाही.

इकडे आईंना दाराची कडी चाचपून सापडेनाशी झाली होती. चहाच्या कपाऐवजी त्या शेजारच्या हवेत हात घालायच्या. एकदा ओट्यावरचं गरम पातेलं हाताला लागलं तरी बोलल्या नाहीत. मी बोटं पाहिली तेव्हा कळलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या गाडीपायी त्यांचा डोळा जाईल! टाका ती भंगारात!" गाडीला भंगार म्हटल्यावर ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. शेवटी ह्यांनी ठरवलं की आता एकदाच काय तो निकाल लावायचा. मागच्या ब्रेकचे ड्रम काढून लेथवर गुळगुळीत करून आणायचे, लायनर नवे टाकायचे. गाडी मेकॅनिककडे गेली, आणि डॉक्टरांची तारीख नेमकी त्याच दिवशी आली.

"मग पुढची तारीख घेऊ," आई पटकन म्हणाल्या.

"काही पुढची नाही," मी म्हटलं. "माझी सुट्टी आहे. आपण ऑटोने जाऊ."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या अंगावरच्या साडीच्या रंगाकडे पाहिलं असेल; तोंड तर त्यांना दिसत नव्हतं. मग चप्पल शोधायला लागल्या.

ऑटो चांगला होता. ऑटोवाला गप्पिष्ट. मेडिकल चौक गेला, अजनीचा पूल गेला. धंतोलीत शिरलो, दोन्ही बाजूंना दवाखाने, औषधांची दुकानं, फुटपाथवर बसलेले गावोगावचे पेशंट आणि त्यांचे डबे धरून उभे नातेवाईक. समोर एक स्ट्रेचर आडवं आलं. ऑटोवाल्याने ब्रेक दाबला.

"थांब गा!" आई ओरडल्या. "ब्रेक वाजून राहिला!"

ऑटोवाल्याने क्षणभरही विचार केला नाही. "हो माय, लायनर गेलेत. उद्या टाकतोच."

मी फस्सकन हसले. हसू आवरेना. "आई, हा ऑटो आहे! आपली गाडी तर खोलून पडली आहे!" एवढं म्हणून मी त्यांच्याकडे वळले आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी ऑटोची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. बोटं पांढरी पडली होती. पाय असे रोवले होते, जसा काही ऑटो कड्यावरून खाली चालला होता.

मी ऑटो थांबवला. समोर एक चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर त्यांना बसवलं. मग त्या आपणच म्हणाल्या.

"तुह्या सासऱ्याले इथंच आणलं होतं. हार्निया होता. लहानसं ऑपरेशन, उद्या घरी, असं म्हणे डॉक्टर. तो नाही म्हणत होता. भेत होता. मीच त्याले म्हटलं, मर्दासारखा मर्द आन् भितो काय? मीच हाताले धरून आत सोडला." त्यांनी पदराने नाक पुसलं. "चालत गेला वं. सोताच्या पायानं चालत गेला. अन् बाहेर आणला तं चादरीत."

मला हे माहीत होतं. म्हणजे सासरे ऑपरेशनमध्ये गेले, हे लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. कुणी कुणाला हाताला धरून आत सोडलं हे माहीत नव्हतं. या बाईने त्यानंतर अख्ख्या वस्तीच्या बायकांना हाताला धरून धंतोलीत आणलं, आणि दरवेळी तसाच दरवाजा पाहिला. कशी आणत असेल?

"मग मला सांगितलं का नाही, आई?"

"काय सांगू? वस्तीतल्या बायका काय म्हणतीन? आमाले शिकवे आन् आता सोताच भ्याली?" त्यांनी चाचपून पदर सारखा केला. "आंधळी झाली तं लोक कीव करतीन. भेकड झाली तं हसतीन. आंधळं बरं."

मी चांगलीच चिडले. एवढी शहाणी बाई, आणि हा हिशोब! मी टपरीवर उभी राहून त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोळलेली बोटं काढली, पानं अंदाजाने उलटतात तेही काढलं. चहावाल्याने गॅस बारीक करून ऐकलं. आई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं का? आता चहा पाज. आन् आज नाही वं. आज नाही होणार माह्याच्यानं. बाबूले सांगू नको." बाबू म्हणजे आमचे हे.

मी डॉक्टरांकडे फोन केला आणि सांगितलं, गाडी बंद पडली. दुसरं काय सांगणार? डॉक्टर म्हणाले, तुमची गाडी विकून टाका. पण आता देतो ती तारीख शेवटची, असंही म्हणाले.

गाडी घरी आली. ड्रम चकचकीत, लायनर नवेकोरे, मेकॅनिकच्या चेहऱ्यावर समाधान. आणि शेवटच्या तारखेला सकाळी हे गाडी गल्लीतून बाहेर काढतात न काढतात तोच ब्रेक वाजला. खराखुरा! मागची दोन्ही चाकं जणू आईंचा इतक्या महिन्यांचा शब्द राखायला गळा काढून रडली. गल्लीतली कुत्री परत उठली. नवे लायनर बसेपर्यंत ओरडतात, असं मेकॅनिक म्हणाला होता, पण असे ओरडतील हे नव्हता म्हणाला.

ह्यांचा चेहरा पडला. "आई, आज खरंच येऊन राहिला. फिरवू का गाडी?"

मी मागे आईंजवळ बसले होते. मला वाटलं, गेलं आता. खरं कारण आयतंच दारात चालून आलं. त्यांनी नुसतं हो म्हणायचं होतं. आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कोणता आवाज?"

"हा काय! कुंईं!"

"मले नाही बाप्पा ऐकू येत. तुले भास होऊन राहिला. चाल तू."

हे माझ्याकडे आरशातून पाहायला लागले. मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "मलाही नाही येत." त्या दिवशी आमची गाडी मेडिकल चौकापासून अजनीच्या पुलापर्यंत अशी किंचाळत गेली की लोक वळून पाहत होते, आणि आत आम्ही दोघी एका शब्दाने बोललो नाही. ह्यांना आजही वाटतं की त्या दिवशी आपल्याच कानात काहीतरी बिघाड झाला होता.

दवाखान्यात आईंना हिरवा गाऊन घातला, डोळ्यात थेंब टाकले आणि ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर बसवलं. शेजारी गोंडपिंपरीकडची एक बाई होती, तशाच गाऊनमध्ये, पदर नाही म्हणून दोन्ही हात छातीशी धरून रडत होती. तिचा मुलगा खाली औषधं आणायला गेला होता. तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या दोघी आल्या, आईंनीच कधीकाळी डोळे करून आणलेल्या. आईंचं ऑपरेशन म्हटल्यावर त्यांना राहवलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता या बघतायत म्हटल्यावर आई भाषण करणार. विज्ञान, भरोसा, डॉक्टर शिकलेला आहे. मी तर पहिलं वाक्य ओठांवर आणून ठेवलं होतं.

ती बाई आईंकडे वळून म्हणाली, "मावशी, तुमाले भेव नाही वाटत?"

आईंनी वस्तीतल्या बायकांकडे पाहिलं. त्या आईंच्या उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या.

"वाटते वं," आई म्हणाल्या. "मले बी वाटते. हात दे इकडे."

बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. हसलं मात्र कुणी नाही. एक तर खाली आईंच्या पायाशीच बसली. दार उघडलं आणि नर्सने आईंचं नाव पुकारलं. दोघी उठल्या.

"एकच पेशंट," नर्स म्हणाली.

"माहीत आहे," आई म्हणाल्या, आणि त्या बाईचा हात न सोडता दारापर्यंत चालत गेल्या.